निळा माशीमार आणि त्याचे नाव

'माशा मारीत बसणे' हा आपल्या भाषेत रिकामटेकडेपणाचा शिक्का आहे. खात्यात काम नसले म्हणजे मुकादम कामगाराला हाच टोमणा मारतो. पण माशा मारणे हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा, असा एक चिमणीएवढा पक्षी आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानात राहतो. आणि त्याच्याइतका उद्योगी जीव आम्ही क्वचितच पाहिला आहे. पक्ष्यांच्या मराठी पुस्तकांत त्याला 'टिकेलचा निळा माशीमार' म्हणतात. हे टिकेल कोण, आणि आमच्या ओढ्यावरच्या पाखराला त्यांचे आडनाव कसे चिकटले, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आधी पक्षी. नराची पाठ निळी, गळा आणि छाती नारिंगी, पोट पांढरे. मादीचे रंग तेच, पण फिके. लांबी साडेपाच इंच. फाल्गुन-चैत्रात भातसानगरच्या आसपासचा साग उघडा पडतो आणि हिरवे काय ते नाल्याकाठी उरते : जांभूळ, उंबर, करंज, बांबूची बेटे. तेथल्या गर्द सावलीत हा हमखास असतो. उघड्या उन्हाची त्याला आवड नाही. खालच्या फांदीवर ताठ बसावे, कीटक दिसताच झेप घ्यावी, पुन्हा फांदीवर यावे, असा दिवसभर क्रम. मधूनच सहा ते दहा सुरांची एक बारीक लकेर घेतो. ती धातूवर वाजवल्यासारखी येते. पुष्कळांनी ही लकेर जन्मभर ऐकलेली असते, पण गाणारा कोण ते ठाऊक नसते.

थंडीत उत्तरेकडून दुसरे काही माशीमार येथे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात. आमच्या गिरणीच्या भाषेत ते बदलीवाले. हा मात्र कायम हजेरीवरचा. त्याची वीण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत चालते. ओढ्याच्या दरडीतले भोक, झाडाची ढोली किंवा बांबूच्या बेटातली बेचकी गाठून तो शेवाळ, पाने आणि बारीक मुळ्या यांचे घरटे करतो. त्यात तीन ते पाच अंडी असतात.

आता टिकेल. सॅम्युएल टिकेल यांचा जन्म 1811 साली कटक येथे झाला. कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत ते अधिकारी होते. छोटा नागपूरच्या बाजूच्या रानातील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात 1833 साली छापली गेली. चित्रेही ते स्वतःच काढीत. उतारवयात त्यांची दृष्टी गेली. 1875 साली ते वारले. आमच्या माशीमाराला शास्त्रीय नाव दिले ते मात्र एडवर्ड ब्लाइथ यांनी, 1843 साली. त्यांनी लिहिले 'टिकेलिई'. रात्रीच्या वर्गात इंग्रजी शिकलेल्या आम्हांला लॅटिन कोठून येणार! परंतु जाणकार सांगतात की पुरुषावरून नाव ठेवायचे तर ते 'टिकेली' झाले असते. 'टिकेलिई' हे स्त्रीलिंगी रूप आहे. म्हणजे मान फौजी अधिकाऱ्याला नसून त्यांच्या घरातील एका बाईला आहे. ग्रंथकार तिला 'टिकेल यांची पत्नी' म्हणून पुढे जातात. मराठीत येताना तीही गळाली आणि पक्षी नुसता 'टिकेलचा' झाला.

ब्लाइथ यांच्याविषयी आम्हांला विशेष आपुलकी वाटते, आणि तिचे कारण पक्षी नव्हेत. सोसायटीच्या संग्रहालयाचे ते पगारी नोकर होते. 1841 साली ते आले आणि वीस वर्षे तुटपुंज्या पगारावर राबले. पगारवाढीसाठी आणि निवृत्तिवेतनासाठी त्यांना अर्ज करावे लागले. ज्यांच्या मताला खुद्द डार्विन मान देत, त्या माणसाची ही स्थिती. 1862 साली प्रकृती ढासळल्यावर ते मायदेशी परतले.

ह्यूमसाहेब आपल्याला 1885 च्या काँग्रेसमुळे माहीत आहेत. त्यांनीच त्या वर्षी लंडनच्या संग्रहालयाला पक्ष्यांची सुमारे 63000 कातडी देऊन टाकली. त्याआधी ते घरी नसताना एका नोकराने त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते बाजारात रद्दीच्या भावाने विकली. ही गोष्ट ग्रंथकार हळहळून सांगतात, आणि हळहळ रास्तच आहे. परंतु ती 63000 कातडी सोलली कोणी? पक्ष्याचे कातडे अलगद उतरावयाचे, आतून सोमलाचा साबण चोळावयाचा, कापूस भरावयाचा, शिवावयाचे आणि पायाला चिठ्ठी बांधावयाची. सोमल म्हणजे विष, आणि ते हाताळणारे पुष्कळदा आपल्यापैकीच पगारी लोक. चिठ्ठीवर पक्ष्याचे नाव, गाव, तारीख आणि साहेबाचे नाव येते. सोलणाऱ्याचे सहसा नाही. आम्ही मस्टर वाचण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे कोणाची हजेरी लागली नाही तिकडे प्रथम लक्ष जाते.

मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली स्थापन झाली. पुढे सालीम अलींनी 1930 साली किहीमला सुगरणींच्या घरट्यांवर दिवसचे दिवस नजर ठेवली आणि नुसते बसून पाहण्यानेही ज्ञान वाढते हे दाखवून दिले. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. आमच्या दृष्टीने हा मोठा पालट होय. बंदूक, सोमल आणि नोकरांचा ताफा साहेबालाच परवडे. दुर्बीण आणि वही शहापूरच्या शिक्षकालाही परवडते, आणि दुर्बीण नसली तरी ओढ्याकाठी दहा हातांवरून हा पक्षी नीट दिसतो.

मात्र ओढ्याचा काठ शिल्लक हवा. तानसा अभयारण्य 1970 साली झाले. तेथे थोडेफार संरक्षण आहे. अभयारण्याबाहेरच्या नाल्यांना वाली नाही. भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतात, तेव्हा नाला खोल करा ही मागणी न्याय्यच आहे; तिच्यासाठी आम्हीही मोर्चे काढले आहेत. पण यंत्र येते ते एप्रिल-मेमध्ये, आणि खोदण्याबरोबर दोन्ही दरडींची झुडुपे व बांबू साफ करून जाते. नेमका तोच विणीचा आरंभ. गाळ काढण्यासाठी दोन्ही काठ उघडे करण्याची गरज नसते. एका बाजूने यंत्र चालवून दुसरी दरड राखता येते. कंत्राटदाराच्या कामात ही अट घालावयाची तर ग्रामसभेने ठराव यंत्र येण्यापूर्वी, माघ महिन्यातच, केला पाहिजे.