जर्मन काढा

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिली फजिती चहावरून होते. कुणीतरी विचारतं, "टे?" आपण आनंदाने मान हलवतो आणि समोर येतं ते बडीशेपेचं, पुदिन्याचं नाहीतर कॅमोमाइलच्या फुलांचं पिवळट गरम पाणी. दूध नाही, साखर नाही, आणि मुख्य म्हणजे चहा नाही! कुठलाही पाला, फूल, साल किंवा फळ गरम पाण्यात बुडवलं की इथे त्याचा 'टे' होतो. आपल्याकडे याला काढा म्हणतात आणि तो आजारी माणसाला, तोही नाक दाबून, पाजतात. अर्थात गवताला 'गवती चहा' म्हणून आपणही थोडी सूट दिलेलीच आहे म्हणा.

पण मग लक्षात येतं की हे लोकही तो आधी औषध म्हणूनच पितात. पोट बिघडलं की कॅमोमाइल (त्याला इथे 'कामिले' म्हणतात), घसा धरला की सेजच्या पाल्याच्या गुळण्या, सर्दीतापात घाम यावा म्हणून लिंडनच्या झाडाची फुलं, खोकल्याला थाइम. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीला बडीशेप, अनीस आणि शहाजिऱ्याचं पाणी. हे शेवटचं ऐकलं की आपल्याला बाळंतशोपा आठवतात. जर्मन आजी आणि आपली आजी कधी भेटल्या असत्या तर भाषेवाचून त्यांचं काही अडलं नसतं.

ही सगळी विद्या 'जंगलातल्या म्हाताऱ्यांकडून' आली असं इथल्या पाकिटांवरची चित्रं सुचवतात. लिखित पुरावा मात्र मठांकडे बोट दाखवतो. हेसन प्रांतातल्या लॉर्श इथल्या मठात इ.स. ७९५ च्या सुमाराला एक औषधग्रंथ लिहिला गेला. त्याच्या सुरुवातीलाच लेखक एका आक्षेपाला उत्तर देतो: आजार जर देवाच्या इच्छेने येतो, तर त्यावर औषध करणं हे पाप नाही का? नाही, असं तो पटवून देतो. काढ्यालासुद्धा एकेकाळी वकील लागत होता!

त्यानंतर पन्नासेक वर्षांच्या आत बोडन सरोवरातल्या राइशेनाऊ बेटावरच्या मठाचा प्रमुख वालाफ्रीड स्ट्राबो याने आपल्या बागेतल्या दोन डझनांच्या आसपास वनस्पतींवर एक लॅटिन काव्य लिहिलं. पहिला मान सेजला. त्यात पुदिन्याच्या जातीच्या एका वनस्पतीबद्दल तो सांगतो की आमच्याकडे मिऱ्यांच्या राशीला जी किंमत, ती म्हणे हिंदुस्थानातले जाणकार लोक या झाडाला देतात. बिचाऱ्याला हे कुणी सांगितलं देव जाणे. पण नवव्या शतकात, आल्प्सच्या पायथ्याशी एका बेटावर बसून एक साधू माझ्या दारच्या पुदिन्याची किंमत मिऱ्यांत मोजतो, याची मला फार गंमत वाटते. दूरच्या महागड्या मसाल्यांपुढे आपला पाला काही कमी नाही, हे सांगायची त्याची धडपड दिसते. ही धडपड लक्षात ठेवा, पुढे ती वेगळ्याच रूपात भेटणार आहे.

मधली काही शतकं पटकन ओलांडू. बाराव्या शतकात हिल्डेगार्ड फॉन बिंगेन नावाच्या मठाधिपती बाईंनी वनस्पतींच्या गुणांवर ग्रंथ लिहिला. बडीशेप माणसाला प्रसन्न करते, असं त्यांचं मत. (त्यांच्या नावावर आज विकली जाणारी 'हिल्डेगार्ड चिकित्सा' मात्र विसाव्या शतकातली आहे.) छपाई आल्यावर ट्युबिंगेनचे प्राध्यापक लेओनहार्ट फुख्स यांनी १५४२ मध्ये लॅटिनमध्ये आणि १५४३ मध्ये जर्मनमध्ये वनस्पतींचा प्रचंड सचित्र ग्रंथ काढला. चित्रं इतकी नेमकी की वाचणाऱ्याला झाड ओळखता यावं. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातल्या व्योरिसहोफेनच्या सेबास्टियान क्नाइप या पाद्र्याने गार पाण्याचे उपचार आणि झाडपाल्याची औषधं घरोघरी पोचवली. १८८६ सालचं त्याचं पाण्याच्या उपचारांवरचं पुस्तक भयंकर खपलं.

याच काळात जर्मन रसायनशास्त्र त्या पाल्यातून नेमका अर्क बाहेर काढत होतं. बर्लिनचा औषधविक्रेता कास्पार नॉयमान याने १७१९ मध्येच थाइमच्या तेलातून स्फटिक वेगळे केले होते. पुढे त्याला थायमॉल म्हणू लागले. हे उत्तम जंतुनाशक. आणि इथे आपला ओवा गोष्टीत येतो, कारण ओव्याला जो खास वास आहे तो याच थायमॉलचा. ओव्यात ते इतकं भरपूर असतं की पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मन कारखाने थायमॉल बनवायला हिंदुस्थानातून ओवा मागवत. पोट दुखल्यावर आपण जो चमचाभर ओवा चावून गिळतो, त्याची पोती बोटीने जर्मनीला जात होती!

१९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी समुद्रमार्ग अडवला. ओवा थांबला, मिरी थांबली, चहाकॉफी थांबली. लोक ब्लॅकबेरीची पानं वाळवून चहा म्हणून प्यायला लागले. उपासमारीने मनात घर केलं. परदेशावर अवलंबून राहिलो तर मरू, हा धडा जर्मन राजकारणाने त्यातून घेतला आणि नाझींनी तो हत्यारासारखा वापरला.

१९३३ नंतर झाडपाल्याला सरकारी प्रतिष्ठा आली. 'नवी जर्मन चिकित्सा' असं नाव दिलं गेलं. ड्रेस्डेनमध्ये १९३४ साली एका मोठ्या रुग्णालयाला हिटलरचा उजवा हात रुडॉल्फ हेस याचं नाव देऊन तिथे निसर्गोपचार आणि आधुनिक वैद्यक एकत्र चालवायचा प्रयोग सुरू झाला. १९३५ मध्ये औषधी वनस्पतींची माहिती आणि संकलन यांसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. शाळेच्या मुलांना पिशव्या देऊन रानात पाठवलं जाई. ब्लॅकबेरी, रास्पबेरी, स्ट्रॉबेरीच्या पानांच्या मिश्रणाला 'डॉइचर हाउसटे', म्हणजे जर्मन घरगुती चहा, असं नाव मिळालं. निरोगी राहणं ही खाजगी बाब उरली नव्हती, ते राष्ट्राप्रती कर्तव्य ठरलं होतं. याच वर्षांत दुसरीकडे काय चाललं होतं तेही बघा. सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस ज्यू डॉक्टरांची वैद्यकीय मान्यता रद्द झाली. फेब्रुवारी १९३९ मध्ये डॉक्टर नसलेल्या उपचारकांसाठीचा कायदा आला. हा दुसरा कायदा, पुढे बराच बदलून, जर्मनीत अजून लागू आहे.

आणि मग डाखाऊ. म्युनिकच्या वायव्येला, लोकल गाडीने सहज जाता येतं. छळछावणी बहुतेकांना माहीत असते, छावणीच्या शेजारची औषधी बाग मात्र कमी लोकांना. हाइनरिख हिमलर हा एस.एस.चा प्रमुख शिकलेला होता शेतकी. वनौषधींवर त्याची श्रद्धा होती. १९३८ पासून छावणीच्या पूर्वेला दलदलीची जमीन कैद्यांकडून कोरडी करून घेतली गेली. जानेवारी १९३९ मध्ये एस.एस.ने 'जर्मन आहार व अन्नपुरवठा प्रयोग संस्था' अशा निरुपद्रवी नावाची कंपनी काढली आणि बाग तिच्याकडे आली. तिथे पुदिना, थाइम, सेज यांची लागवड होई, परदेशी मिऱ्यांना पर्याय म्हणून देशी मसाल्यांची मिश्रणं बनत, आणि ग्लॅडिओलसच्या पानांपासून सैनिकांसाठी 'क' जीवनसत्त्वाची पूड तयार होई. रासायनिक खतांशिवायची शेती, कंपोस्ट, मधमाश्या, सगळं होतं. नैसर्गिक शेतीचे जाणकार देखरेखीला होते. चित्रकार कैद्यांकडून वनस्पतींची सुंदर चित्रं काढून घेतली जात.

आणि माणसं मरत होती. कैदी याला नुसतं 'प्लँटाज' म्हणत. उघड्या माळावर, पावसात, थंडीत, अर्धपोटी, बैलांच्या जागी माणसं जुंपलेली. सुरुवातीला ज्यू कैदी, सिंती आणि रोमा, मग मोठ्या संख्येने पोलंडचे कॅथलिक पाद्री. डाखाऊत एकूण २,७२० धर्मगुरू कोंडले गेले. त्यांतले १,७८० पोलिश होते आणि त्या पोलिशांपैकी ८६८ जिवंत परतले नाहीत. हे सगळे काही बागेत मेले नाहीत, पण बागेने त्यांतल्या अनेकांचा जीव घेतला. लॉर्श आणि राइशेनाऊच्या मठांत ज्यांच्या पूर्वसुरींनी ही विद्या जपली, त्याच पंथाची माणसं इथे सेज आणि थाइमच्या वाफ्यांत कोसळत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं त्यानंतर काही दिवस थाइमचा डबा उघडायला नको वाटत होतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती एक साधी गोष्ट. या बागेला दुकान होतं. गावातले लोक येऊन तिथे रोपं, फुलं, भाज्या विकत घेत. काउंटरच्या मागे कैदी उभा असे. म्हणजे कुणाला काही दिसलंच नाही, असं म्हणायला फारशी जागा उरत नाही.

पण त्याच दुकानातून एक वेगळी वाटही फुटली. मे १९४४ मध्ये फ्रायझिंगहून जोसेफा माक नावाची, मठात दीक्षा घेऊ पाहणारी विशीची मुलगी तिथे खरेदीला आली. विक्रीला असलेला कैदी पाद्री होता. त्याच्याशी बोलल्यावर ती पुन्हा पुन्हा येऊ लागली. आत प्रार्थनेचं साहित्य, औषधं, खाऊ. बाहेर चिठ्ठ्या. तिचं टोपणनाव पडलं 'मेडी'. पकडली असती तर काय झालं असतं हे सांगायला नको. त्या वर्षीच्या डिसेंबरात क्षयाने खंगलेल्या कार्ल लाइझनर या कैद्याला पाद्रीपदाची दीक्षा द्यायची ठरली. त्यासाठी म्युनिकच्या कार्डिनलची परवानगी आणि पवित्र तेल हवं होतं. ते तिनेच आणलं. १७ डिसेंबर १९४४ रोजी छावणीतच, कैदेत असलेल्या एका फ्रेंच बिशपच्या हस्ते, दीक्षा झाली. लाइझनर सुटकेनंतर काही महिन्यांत, ऑगस्ट १९४५ मध्ये गेला. जोसेफा माक पुढे नन झाली आणि २००६ पर्यंत जगली.

युद्धानंतर या जमिनीवर हळूहळू उद्योगांच्या इमारती आल्या. काचगृहांचे सांगाडे मात्र राहिले, आणि तिथल्या एका रस्त्याचं नाव 'आम क्रॉयटरगार्टन', म्हणजे 'औषधी बागेपाशी', असं आहे. पत्ता म्हणून लिहायला किती प्रसन्न नाव!

काढा मात्र देशात जोरात राहिला. १९४९ मध्ये आडोल्फ राम्बोल्ड या 'टेकाने' कंपनीच्या इंजिनिअरने दोन कप्प्यांची चहाची पिशवी बनवणारं यंत्र तयार केलं. गोंद नाही, शिवण नाही, नुसती घडी आणि एक छोटी पिन. पाणी चारही बाजूंनी आत शिरतं. (आमच्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी ही पिशवी उलगडून बघावी.) पाकिटबंद पिशवीतला पाला कुठून आला, कुणी खुडला, हे आता कुणाला दिसत नव्हतं.

सरकारचं लक्ष पुन्हा काढ्याकडे वळलं ते एका कारखान्यातल्या गोळीमुळे. काँटेरगान नावाची झोपेची गोळी, तिच्यातलं द्रव्य थॅलिडोमाइड, १९५७ पासून सर्रास विकली जात होती. गरोदर बायकांनी घेतल्यामुळे हजारो मुलं हातपाय खुंटलेली जन्मली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ती बाजारातून काढावी लागली. पुढे १९७६ साली औषधांचा कडक कायदा झाला, जो १९७८ च्या जानेवारीपासून लागू झाला. औषध म्हणून विकायचं तर ते गुणकारी आणि सुरक्षित आहे हे दाखवा, असा त्याचा आग्रह. मग आजीच्या कामिलेचं काय करायचं? त्यासाठी 'कमिशन ई' नेमलं गेलं. त्याने एकेक वनस्पती घेऊन ३८० च्या आसपास टिपणं काढली. कामिले पोटाच्या दाहाला चालेल, पेपरमिंट पोटाच्या कळांना, लिंडन सर्दीच्या खोकल्याला. आयब्राइट नावाची, डोळ्यांना लावायची, नावातच डोळा असलेली वनस्पती मात्र नापास! हे काम मला फार आवडतं. 'आमच्या परंपरेत आहे' म्हणून होकार नाही आणि 'जुनाट आहे' म्हणून नकारही नाही. २०२० मध्ये करोनाच्या वेळी आपल्याकडे तुळस, दालचिनी, सुंठ, मिरीच्या सरकारमान्य काढ्यावरून जी भांडणं झाली, तेव्हा या टिपणांची मला वारंवार आठवण होत होती.

तपासणी अजून संपलेली नाही. शतकानुशतकं खोकल्यावर दिलेल्या 'हुफ्लाटिश' या पानांत यकृताला घातक अल्कलॉइड निघाले आणि त्यांच्यावर निर्बंध आले. २०१३ मध्ये जर्मन संस्थेला साध्या कामिले-पेपरमिंटच्या पाकिटांतही तीच द्रव्यं सापडली. ती त्या वनस्पतींची नव्हतीच, पिकाबरोबर कापलं गेलेलं तण त्याला कारण होतं. जुलै २०२२ पासून युरोपात त्यावर मर्यादा आहेत. आणि बडीशेपेचा तो बाळांचा चहा? चार वर्षांखालच्या मुलांसाठी युरोपियन औषध संस्था आता त्याची शिफारस करत नाही.

युरोपने 'पारंपरिक' या शब्दाचीही कायद्यात व्याख्या केली आहे, २००४ च्या निर्देशानुसार. एखादी वनौषधी 'पारंपरिक औषध' म्हणून नोंदवायची तर ती किमान ३० वर्षं वापरात असल्याचं दाखवावं लागतं, आणि साधारणपणे त्यातली १५ वर्षं युरोपियन संघाच्या आत. कामिलेला हे सोपं गेलं. आपल्या चरक-सुश्रुतांतल्या बऱ्याच औषधींना ती १५ वर्षं दाखवता येत नाहीत, म्हणून तुळशीचा काढा इथल्या सुपरमार्केटात औषधाच्या नव्हे तर खाण्याच्या फळीवर, कुठल्याही गुणाचा दावा न करता, 'टे' म्हणून मिळतो.