गृहकर्जासाठी घराची अंतर्गत पाहणी

घर तारण घेण्यापूर्वी बँकेच्या पॅनेलवरील मूल्यांकक (व्हॅल्युअर) घरात येऊन करतो ती तपासणी. खोल्यांची मापे, बांधकामाचे वय व अवस्था, मंजूर नकाशाशी मेळ आणि मुख्यतः घरात राहतो कोण, हे त्यातून ठरते. भाडेकरू असल्यास थकबाकीनंतर ताबा मिळणे अवघड जाते. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार 30 लाखांपर्यंतचे कर्ज मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत, तर 75 लाखांवरचे 75 टक्क्यांपर्यंत देता येते. म्हणून अहवालातील आकड्याला वजन असते.

स्वतंत्र घरासाठी जमिनीचा दर आणि घसारा वजा जाता बांधकामाचा खर्च यांची बेरीज करतात. फ्लॅटसाठी आसपासचे विक्रीदर पाहतात. सामानसुमान, देवघर, कपाटे यांचा या हिशेबात भाग नाही.

छायाचित्रे. पूर्वी दर्शनी भागाचे छायाचित्र बहुधा पुरे. आता स्थळ-वेळेची नोंद असलेली आतील छायाचित्रेही मागितली जातात, अनेकदा चौकटीत घरमालकासह. वादाचे मूळ इथे आहे. भिंतीची ओल किंवा गॅलरी बंद करून वाढवलेली खोली टिपण्यास कारण आहे. आजारी माणूस झोपलेली खोली टिपण्यास नाही. मूल्यांककाने काय टिपणार ते आधी सांगावे आणि अहवाल दिल्यावर फोनमधील प्रती पुसाव्यात. घरच्यांनीही तसे विचारावे, त्यात संकोच नको.

कायदा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क मानला. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात सांगितलेल्या हेतूपुरताच माहितीचा वापर आणि हेतू संपल्यावर ती पुसणे ही तत्त्वे आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये अधिसूचित झाले. कर्जदाराच्या नावाशी जोडलेले खोलीचे छायाचित्र वैयक्तिक माहितीच्या व्याख्येत बसते, असे मानणे योग्य. कर्ज थकून ताबा घेतल्यावर, सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखालील 2002च्या नियमांनुसार, विक्रीपूर्वी पुन्हा मूल्यांकन होते.

गावठाण. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने घरांच्या हद्दी मोजून मालमत्तापत्रक दिले जाते. त्यात आतील रचना नसते.

परदेश. अमेरिकेत 2020च्या साथकाळात काही कर्जांना केवळ बाहेरून पाहणी चालली.

बेज्जूर. तेलंगणातील हे ठिकाण पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात. 11 ऑक्टोबर 2016पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात जमीन हस्तांतरणाच्या नियमांतील 1970च्या दुरुस्तीनंतर बिगर-आदिवासींच्या नावे स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. तिथे घर आतून पाहण्याआधी जमीन कोणाच्या नावे आहे व विकता येईल का, हे तपासावे लागते.