ऑनलाइन तिकिटांवरील सुविधा शुल्क : तुलना कशी करावी?

नाटक, चित्रपट किंवा संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट संकेतस्थळावरून घेताना मूळ दराखेरीज जी रक्कम द्यावी लागते, तिला ‘सुविधा शुल्क’ म्हणतात. खिडकीवर तिकीट घेणाऱ्यास ते लागत नाही. मात्र पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथील कार्यक्रमासाठी बीड, अंबाजोगाई अथवा परळीच्या रसिकाने आधी खिडकी गाठणे व्यवहार्य नसते. त्याच्यापुरते हे शुल्क ऐच्छिक उरत नाही.

राज्य शासनाने २०१३ व २०१४ मध्ये आदेश काढून चित्रपटगृहांना असे शुल्क घेण्यास मनाई केली होती. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि १० जुलै २०२५ रोजी हे आदेश रद्द ठरविले. व्यवसाय-स्वातंत्र्यावर कायद्याच्या आधाराविना असा निर्बंध घालता येत नाही, असा या निकालाचा आशय आहे. त्यामुळे शुल्काची पारख करण्याचे काम ग्राहकावरच येते.

पारख करताना प्रथम शुल्क कशावर आकारले जाते, हे पाहावे. कार्यक्रमांच्या बहुतेक संकेतस्थळांवर ते प्रत्येक तिकिटामागे असते व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. उदाहरणार्थ, २०० रुपयांच्या तिकिटावर ३० रुपये शुल्क असल्यास करासह ३५ रुपये ४० पैसे होतात. चौघांच्या कुटुंबास १४१ रुपये ६० पैसे अधिक मोजावे लागतात. याउलट, रेल्वेच्या संकेतस्थळावर शुल्क संपूर्ण आरक्षणामागे एकदाच लागते. परळीहून शयनयान वर्गाने जाणाऱ्या चौघांनी यूपीआयद्वारे पैसे भरल्यास ते करावेगळे १० रुपये, तर अन्य मार्गाने भरल्यास १५ रुपये असते.

दोन संकेतस्थळांची तुलना मूळ दरावरून न करता शेवटच्या टप्प्यावरील एकूण देय रकमेवरून करावी. तिकीट रद्द केल्यास शुल्क परत मिळते किंवा नाही, हेही आधी वाचावे. बहुधा ते मिळत नाही.

आरंभी कमी किंमत दाखवून उरलेले आकार शेवटी उघड करणे, तसेच ग्राहकाच्या संमतीविना देणगी वा अन्य रक्कम जोडणे, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहेत. अशी फसगत झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रार शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले, तरी बीडच्या ग्राहकास बीडमध्येच न्याय मागता येतो. त्यासाठी देयकाची प्रत व शेवटच्या टप्प्याचे छायाचित्र जपून ठेवावे.