कोळसा, पाणी आणि मुळशी पेटा

घटप्रभा नदी गोकाकजवळ सुमारे १७० फूट खाली उडी घेते. बेळगाव भागातील वाचकाला हा धबधबा पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून ठाऊक असतो. त्याच्या काठावरची कापडगिरणी मात्र या देशाच्या औद्योगिक इतिहासातील एक महत्त्वाची खूण आहे. १८८७ साली सुरू झालेल्या या गिरणीची यंत्रे कोसळत्या पाण्याच्या बळावर फिरू लागली. कोळशाच्या खाणी दूर, रेल्वेचे भाडे जबर; तेव्हा गिरणीच पाण्याजवळ आणून वसवावी, असा तो सरळ व्यवहार होता. पर्यावरणाचा विचार त्यामागे असणे शक्यच नव्हते. तो शब्दही तेव्हा रूढ नव्हता.

मुंबईच्या गिरण्यांना हा मार्ग मोकळा नव्हता. बंदर, बाजारपेठ आणि हजारो कामगारांची वस्ती सोडून त्या डोंगरात जाणार कशा? शेकडो कोस दूरच्या बंगालच्या खाणींतून येणाऱ्या कोळशावर त्यांचे बॉयलर पेटत आणि गिरणगावावर काजळीचे छत धरले जाई. पुढे १९१२ साली धुराच्या उपद्रवावर सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या काजळीची कल्पना यावी. दरम्यान विजेने दूरवरची शक्ती तारेवरून वाहून नेण्याची सोय करून दिली होती. म्हैसूर संस्थानाने १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथे वीज निर्माण करून ती ९२ मैल दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली. पाण्याकडे गिरणी नेता येत नसेल, तर पाण्याचे बळ गिरणीकडे आणता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून त्यापासून मुंबईला वीज द्यावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली होती. पण १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ती त्यांच्या वारसांनी तडीस नेली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली, पुढल्या वर्षी लोणावळ्यास कोनशिला बसली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी नळांतून सुमारे १७०० फूट खाली कोकणात सोडायचे, त्या दाबाने चाके फिरवायची आणि वीज मुंबईस धाडायची, अशी ही योजना होती. पाठोपाठ आंध्रा खोऱ्याचे काम निघाले आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर चालू झाले. तिसरी योजना होती नीळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातली, म्हणजे पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यातली.

येथवरची कथा देशी उद्यमशीलतेच्या गौरवाची आहे आणि ती तशी सांगितलीही जाते. मुळशीत मात्र या गौरवगाथेची दुसरी बाजू उघडी पडली. धरणाखाली पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे दहा हजार माणसे येणार होती. जमीन भाताची, आंबेमोहोराची, कसणारे मावळे. शिवकाळापासून ज्यांच्या पराक्रमाचे पोवाडे गायिले गेले, त्यांचेच हे वंशज होते. पण सातबारा कोणाच्या नावे आहे हे पाहू गेल्यास चित्र पालटे. पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या वा त्यांच्याच नावे झालेल्या होत्या. त्यामुळे नुकसानभरपाईची रक्कम वाढवून मागणाऱ्यांचे हित आणि जमीन मुळीच सोडायची नाही म्हणणाऱ्यांचे हित एक नव्हते. चळवळीच्या पुढील वाताहतीचे बीज येथेच होते, असे म्हणणे वावगे ठरू नये.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागी सत्याग्रहास प्रारंभ झाला. सुमारे बाराशे लोक कामाच्या जागेत जाऊन बसले आणि काम बंद पडले. पुढे काही महिने ते स्थगित राहिले. धरणाविरुद्धचा जगातील पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक आज ज्याचा उल्लेख करतात, तो हाच. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली, ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांनी त्यांच्या बरोबरीने गावोगाव पायपीट केली. शि. म. परांजपे यांनी या प्रश्नासाठी तुरुंगवास भोगला. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’मधून मावळ्यांबद्दल सहानुभूती व्यक्त केली.

तरीही पुण्यामुंबईच्या सुशिक्षित वर्गाची मोठी कुचंबणा झाली. समोर परकी कंपनी असती तर निवाडा सोपा होता. येथे भांडवल स्वदेशी, उद्योग स्वदेशी, परका कोळसा आणि त्याचा धूर हटवणारी वीजही स्वदेशी. स्वदेशीचा मंत्र जपणाऱ्यांनी अशा उद्योगास अडथळा आणावा काय? शिवाय सार्वजनिक हितासाठी थोड्यांनी सोसावे, हा युक्तिवाद होताच. मुळशीच्या शेतकऱ्याने त्यावर साधा प्रश्न केला : सार्वजनिक हित ते कोणाचे? वीज जाणार मुंबईच्या गिरण्यांना, नफा भागधारकांना. मावळाच्या वाट्याला तेवढे बुडणे. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या दिमतीस दिल्यामुळे नकार देण्याचा हक्कच उरला नव्हता. वीज हवी की नको, हा वाद मुळात नव्हताच. शेतकऱ्याची संमती घ्यावी लागेल की नाही, एवढाच मुद्दा होता, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले.

१९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू होताच सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. धरपकड, शिक्षा आणि तुरुंग यांत तो हळूहळू क्षीण होत गेला. भरपाई घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढली. अखेर डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह कामगारांना घेऊन जाणारी गाडी अडवली. त्यात शस्त्राचा वापर झाला आणि सत्याग्रहाचे शुद्ध स्वरूप संपले. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले तेव्हा सेनापती तुरुंगात होते.

मुंबईची भूक मात्र पाण्याने भागली नाही. १९५६ साली तुर्भ्यास औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आणि इंधन जाळण्याचा मार्ग शहराने पुन्हा धरला. इकडे घाटमाथ्यावरचे पाणी पश्चिमेस वळवल्याने भीमेच्या खोऱ्याचा वाटा कायमचा घटला. कृष्णा पाणीतंटा लवादासमोर हा प्रश्न आला, आणि दुष्काळाच्या वर्षांत सोलापूरकडून हे पाणी परत मागितले जाते. कृष्णेच्या पाण्यावर जगणाऱ्या सीमाभागास तो वाद परका वाटू नये. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली, मुळशीनंतर अर्धशतकाने. तोवर कोयना धरण भरूनही गेले होते.

आता कोळशाऐवजी सूर्य आणि वारा यांचे युग आल्याचे सांगितले जाते. सौर विजेला तर पाण्याहूनही अधिक सपाट जमीन लागते. २०१७ साली आलेल्या महाराष्ट्रातील सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमीन भाडेपट्ट्याने घेण्याची तरतूद आहे. मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि वीज त्याच परिसरातील शेतीपंपांना मिळावी, हा तिचा हेतू आहे. मुळशीच्या मानाने हा फरक लहान नाही. अर्थात जमीन स्वतःच्या नावे नसलेल्या कुळाला वा मजुराला त्यात काय मिळते, हा प्रश्न १९२१ इतकाच उघडा आहे. २०२४ साली सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले संपूर्ण सौरग्राम म्हणून घोषित झाले. तेथे घरांच्या छपरांवर वीज होते. हे गाव पाटण तालुक्यात आहे. कोयना धरणही त्याच तालुक्यात आहे, आणि त्या धरणासाठी उठलेल्या कुटुंबांची जमिनीची मागणी साठ वर्षांनंतरही आंदोलनाच्या रूपाने उभी राहत आलेली आहे.