बापूजी शिंदे यांची विद्यार्थिनी

लोणारविषयी लिहायला बसले की लेखणी थेट सरोवराच्या काठावर जाते. माणसे मागे राहतात. लोणार ज्या जिल्ह्यात येते, त्या बुलढाण्याच्या शिक्षणाचा इतिहासही असाच माणसांना चुकवून लिहिला जातो. संस्था, स्थापनेची वर्षे, संस्थापकांची तैलचित्रे! या यादीत बापूजी हरी शिंदे बसत नाहीत, कारण त्यांनी शाळा काढली नाही. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे सभासद होते, आणि आपल्या एकुलत्या एका मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकवले. ती मुलगी म्हणजे ताराबाई शिंदे.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. पण वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली, तिला उत्तर म्हणून १८८२ मध्ये पुण्यात 'स्त्री-पुरुष तुलना' छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या पुस्तकाकडे केवळ स्त्रीमुक्तीचा दस्तऐवज म्हणून पाहावे, हे आम्हाला अपुरे वाटते. ते समीक्षेचेही पुस्तक आहे. 'मुक्तामाला', 'मनोरमा नाटक' यांसारख्या त्या काळच्या वाचकप्रिय कृतींत बायका कशा रंगवल्या आहेत, याची ताराबाई झडती घेतात. पुराणांतील देवांनाही ही झडती चुकत नाही. पुण्यामुंबईची पुस्तके वऱ्हाडात एका घरी वाचली जात होती आणि तिथूनच त्यांना जाब विचारला जात होता! भाषा तर घरातल्या बोलण्याची: म्हणी, टोमणे, मध्येच चढणारा आवाज. शाळेच्या पुस्तकी शिस्तीत ही लेखणी अशी मोकळी राहिली असती का, अशी शंका आम्हाला येते.

टीका झाली, आणि ती सत्यशोधक वर्तुळातूनही झाली. १८८५ मध्ये 'सत्सार'मधून जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ही पुस्तिका संपादित करून पुन्हा छापली, तेव्हा मूळ पुस्तकाला ९३ वर्षे झाली होती.