स्वहस्ते मृत्युपत्र : हिंदू मृत्युपत्र कायद्याचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना
मृत्युपत्रासाठी वकील हवाच, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मात्र अशी अट नाही. साध्या कागदावर, मुद्रांकाशिवाय, स्वभाषेत लिहिलेले मृत्युपत्र वैध ठरू शकते. ही मुभा कशी घडत गेली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
मिताक्षरा परंपरेत वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होत असल्याने मृत्युपत्रास फारसा वाव नव्हता. ब्रिटिश अमदानीत ही प्रथा रूढ झाली. 1865 चा उत्तराधिकार कायदा हिंदूंना लागू नव्हता. 1870 च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने लेखन, स्वाक्षरी व साक्षीदार यांची अट आणली. परंतु तिचे क्षेत्र बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई या शहरांपुरते होते. त्यामुळे मुंबईबाहेरील मिळकतीविषयी पुण्या-साताऱ्यातील हिंदू गृहस्थाने तोंडी सांगितलेली अंतिम इच्छाही ग्राह्य धरली जाऊ शकत असे. 1 जानेवारी 1927 पासून हा भेद संपला.

टागोर खटला
कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर स्वतः नामांकित वकील होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या आपल्या पुत्रास, ज्ञानेंद्रमोहनास, त्यांनी मृत्युपत्राने वगळले आणि पुढील पिढ्यांच्या वारसांचा क्रमही ठरवून ठेवला. 1872 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुतण्या जतींद्रमोहनाचा हयातीपुरता हक्क मान्य केला. पुढील योजना मात्र रद्द ठरवली व त्यानंतरचा हक्क ज्ञानेंद्रमोहनाकडे गेला. कायद्याचे ज्ञान असूनही मृत्युपत्र फसू शकते, हे यावरून दिसते.

लेखन आणि पुरावा
1925 च्या कायद्यातील कलम 74 नुसार पारिभाषिक शब्दांची गरज नाही. मृत्युपत्रकर्त्याचा हेतू समजला म्हणजे पुरे. कलम 63 नुसार त्याची सही वा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक आहे. 1908 च्या कायद्यानुसार नोंदणी ऐच्छिक आहे. मुंबईसारख्या शहरांत दीर्घकाळ बंधनकारक असलेल्या प्रोबेटचे कलम 213 हे 2025 मध्ये वगळण्यात आले.
लेखन सोपे असले तरी सिद्धता अवघड असते. साक्षीदार हयात असल्यास किमान एकाची साक्ष घ्यावी लागते. व्यंकटाचल अय्यंगार खटल्याच्या निकालात (1958) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, संशयास्पद परिस्थितीचे निराकरण करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. थरथरती सही किंवा जवळच्या वारसास विनाकारण वगळणे, अशा बाबी तेथे निर्णायक ठरू शकतात.

स्त्रियांचा प्रश्न
1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या संपत्तीत वारसा दिला. त्याच कायद्याच्या कलम 30 ने एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभाही दिली. परिणामी एका कलमाने मिळालेला हक्क दुसऱ्या कलमाच्या आधारे काढून घेता येतो. याउलट गोव्यात पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या कायद्यानुसार मुले असल्यास निम्मी संपत्ती त्यांच्यासाठी राखीव राहते.

समारोप
वकिलाविना मृत्युपत्र करण्याची मुभा ही सामान्य माणसाची सोय आहे. परंतु हेतूची स्पष्टता, मिळकतीचे नेमके वर्णन आणि वयाने लहान, विश्वासू साक्षीदार यांवाचून ती निरुपयोगी ठरते. मृत्युपत्र न्यायालयात वाचले जाते तेव्हा लिहिणारा उत्तर देण्यास हजर नसतो; म्हणून कोणाला का वगळले, हेही त्याने हयातीतच लिहून ठेवणे इष्ट होय.