दूरस्थ सत्रातील स्थानिक ड्राइव्ह : उगम आणि परिणाम

दूरच्या संगणकावर काम चालू असताना आपल्या पुढ्यातील संगणकाची ड्राइव्ह तेथे उपलब्ध असणे, ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः ती बरीच उशिरा आली; आणि ‘येथील’ संगणक कोणता व ‘तेथील’ कोणता, हा साधा वाटणारा प्रश्न तिच्या वाटेत वारंवार आडवा आला.

आर्पानेटच्या काळी हा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही. टर्मिनलपाशी स्वतःचा असा संग्रह नव्हता. टेलनेटने दूरच्या यंत्राशी संवाद करावा आणि फायलींची ने-आण निराळ्या नियमावलीने करावी, ही विभागणी तेव्हा रूढ झाली. या दुसऱ्या नियमावलीचा आरंभीचा मसुदा, आर.एफ.सी. ११४, एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे हे पदवीधर त्या वेळी एम.आय.टी.मध्ये होते. पुढे वैयक्तिक संगणक आला, टर्मिनलच्या जागी स्वतःची डिस्क बाळगणारे यंत्र बसले, तरी ती विभागणी तशीच राहिली.

तिला तत्त्वतः छेद दिला तो बेल प्रयोगशाळेतील ‘प्लॅन ९’ या प्रणालीने. १९९२ मध्ये विद्यापीठांना उपलब्ध झालेल्या या प्रणालीत ‘सीपीयू’ ही आज्ञा दिली असता दूरचे यंत्र गणनेपुरते वापरले जाई, आणि वापरकर्त्याच्या यंत्रावरील फायली तेथे ‘/एमएनटी/टर्म’ या मार्गाखाली दिसत. कल्पनेची स्वच्छता पाहता पुढील कोणतीही रचना हिच्या तोडीची ठरत नाही. मात्र तिचा प्रसार संशोधकांच्या वर्तुळापलीकडे फारसा झाला नाही.

व्यवहारात ही सोय रुजवली ती सिट्रिक्सने. आय.बी.एम. सोडून आलेल्या एड आयकोबुची यांनी १९८९ मध्ये स्थापिलेल्या या कंपनीने १९९५ मध्ये विंडोज एन.टी. ३.५१ वर आधारलेले ‘विनफ्रेम’ काढले. पुढे १९९८ मध्ये ‘मेटाफ्रेम’ आले. येथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. सर्व्हरचीही ड्राइव्ह ‘सी’ आणि वापरकर्त्याचीही ‘सी’. मग सत्रात ‘सी’ म्हणायचे कोणाला? सर्व्हरने आपली अक्षरे सोडली नाहीत, तर वापरकर्त्याची ‘सी’ ही ‘व्ही’ होई आणि ‘डी’ ही ‘यू’ होई. उलटपक्षी, प्रतिष्ठापनेच्या वेळी व्यवस्थापकाने सर्व्हरच्याच ड्राइव्हना ‘एम’पासून पुढील अक्षरे दिली, तर वापरकर्त्याला स्वतःची ‘सी’ जागच्या जागी सापडे. एका अक्षराच्या या वादात यजमान कोण आणि पाहुणा कोण, याचाच निवाडा होत होता.

मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये सिट्रिक्सकडून बहुवापरकर्ता तंत्राचा परवाना घेतला. तथापि १९९८ च्या विंडोज एन.टी. ४.० टर्मिनल सर्व्हरबरोबर आलेल्या आर.डी.पी.मध्ये ड्राइव्हची जोडणी नव्हती. विंडोज २००० मध्ये मुद्रकाची व क्लिपबोर्डची सोय झाली. ड्राइव्ह मात्र २००१ च्या विंडोज एक्स.पी.बरोबर, आर.डी.पी. ५.१ मध्ये, अंगभूत झाल्या. अक्षरांचा वाद येथे शिताफीने टाळला गेला : सर्व्हरचे ‘सी’ अबाधित राहिले आणि वापरकर्त्याची ड्राइव्ह ‘टीएसक्लायंट’ या नावाच्या जणू शेजारच्या यंत्रावर असल्याप्रमाणे दाखविण्यात आली.

या यंत्रणेचे एक वैशिष्ट्य मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. फाईल हवी असते तेव्हा मागणी सर्व्हर करतो. ती ‘आरडीपीडीआर’ या उपमार्गाने वापरकर्त्याच्या यंत्राकडे येते. ते यंत्र आपल्याच धन्याच्या अधिकाराने फाईल उघडते आणि मजकूर परत पाठविते. पडद्याच्या बाबतीत जो आज्ञा देतो, तोच डिस्कच्या बाबतीत आज्ञा पाळू लागतो. दोन्ही यंत्रे एकाच संस्थेची असतील, हे गृहीतक या रचनेच्या पोटात होते. ते उघड शब्दांत क्वचितच मांडले गेले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या गृहीतकावरच घाव घालण्यात आला. शासकीय व अन्य संस्थांतील व्यक्तींना ईमेलने ‘.आरडीपी’ फायली धाडण्यात आल्या. त्यांवर वैध प्रमाणपत्राची स्वाक्षरीही होती. फाईल उघडून जोडणी होताच वापरकर्त्याच्या ड्राइव्ह हल्लेखोरांच्या सर्व्हरपुढे खुल्या होत. त्यासाठी परवलीचा शब्द फोडावा लागत नव्हता, की कोणता प्रणालीदोषही शोधावा लागत नव्हता. २००१ पासूनची ती सोय नेमून दिलेले कामच करीत होती.